शेऱ्याचा रकाना

आबांनी माऊस कधी वापरला नाही. धुळ्याच्या केंद्रात त्यांच्या टेबलाच्या खणात तो एका धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलेला असे. कोणी तपासणीला आलं की ते रुमाल सोडायचे, माऊस टेबलावर मांडायचे, आणि माणूस जिन्यावरून उतरला की पुन्हा गुंडाळायचे. "पाहुणा शे तो," म्हणायचे. "पाहुणा वना की बसाडाना, गया की उठाडाना." बाकी सगळं काम कीबोर्डवर, दोन बोटांनी. कीबोर्डशेजारी एक पुठ्ठा उभा केलेला असे. कुठली कळ दाबली की मराठीतलं कुठलं अक्षर उमटतं, ते त्यावर पेनाने लिहिलेलं होतं. पुठ्ठा त्यांना तोंडपाठ होता, तरी तो समोर लागायचाच.

मी जळगावला एका ट्रस्टच्या रक्तपेढीत संगणक आणि नोंदी सांभाळतो. धुळ्याला आमचं छोटं केंद्र आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आबा तिथे होतेच. निवृत्त झाल्यावरही दर वर्षी करार वाढवून ते तिथेच राहिले. दर मंगळवारी सकाळच्या एसटीने जळगावला यायचे. काखेत आठवड्याचे अर्ज, हातात डबा, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. सर्व्हर ठेवलेल्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, इथे देव नाही, मशीन आहे."

"देवसाठी कोन काढस? धूळसाठी काढस. धुळाना माणूस शे मी, धूळनं माले सांगतस?"

रक्तदात्याला त्यांनी रक्तदाता म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते 'सोयरे' म्हणायचे. "एरंडोलचे आपले सोयरे", "पारोळ्याचे सोयरे". रगत दिलं की नातं झालं, असा त्यांचा हिशेब होता, आणि नातं झालं की चौकशी आली. शिबिरात अर्ज भरताना ते माणसाला इतकं विचारायचे की मागची रांग कुरकुरायची. फोन तुझाच का? दुपारी कुठे असतोस? घरात कोणाला चालत नाही? आठवडी बाजार कुठला करतोस? मला हा वेळेचा अपव्यय वाटे. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. बाकीच्यांना एका अर्जाला चार मिनिटं लागत, आबांना अकरा.

मी मोजणारा माणूस आहे. घरी दुधाच्या पिशव्यासुद्धा दोनदा मोजतो, आणि बायको त्यावरून हसते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धुळ्याच्या एका शिबिरात, कर्मचाऱ्यांनी आधी द्यावं म्हणून, मीही रक्त द्यायला झोपलो. वर पत्र्याचं छत होतं. आबा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, एक काम करा ना. या छताला किती पत्रे शेतस ते सांगा. मी तीनदा मोजले, तीनदा निराळे आले." मी मोजायला लागलो. कडेला दोन अर्धे पत्रे होते, ते धरायचे की नाहीत यावर अडलो, आणि शेवटी बेचाळीस सांगितले. तोवर पिशवी भरत आली होती. आबांनी मान डोलावली आणि खिशातल्या डायरीत बेचाळीस लिहून घेतलं. त्यांना तो आकडा कशाला हवा होता, हे मी विचारलं नाही. कोणाला तरी हवा असेल म्हणूनच आकडा विचारतात, असं मी धरून चालतो.

नोंदींचं आमचं सॉफ्टवेअर इंग्रजीत. नाव, वय, गट, मोबाईल, गाव, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. जळगावला तो कोणी भरत नसे. आबा भरत, आणि मराठीत भरत, पुठ्ठ्यावरच्या त्या जुन्या फाँटमध्ये. त्या फाँटची गोष्ट अशी की तो ज्या संगणकावर असेल तिथेच मराठी दिसायचं. इतरत्र नुसता इंग्रजी अक्षरांचा चुरा, त्यात डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं आणि उलटी प्रश्नचिन्हं. तो फाँट फक्त धुळ्याच्या एका संगणकावर होता. जळगावच्या पडद्यावर आबांचा शेरा उघडला की कोणीतरी कीबोर्डवर तांदूळ निवडायला बसल्यासारखं वाटायचं. आम्ही तो उघडतच नव्हतो.

मग सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची आमची आवृत्ती जुनी झाली. ती बनवणाऱ्यांनी कळवलं की यापुढे तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत. नव्या आवृत्तीवर जायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. चार महिने मी योजना केली. एक्केचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीपुढे कोण करणार, किती वेळ लागणार, बिघडलं तर मागे कसं यायचं. पहिली पायरी जुन्या साऱ्या नोंदींची प्रत काढून कपाटात ठेवणं. शेवटची पायरी मोजणी. अठरा हजार सहाशे चाळीस ओळी निघाल्या, तितक्याच पोचल्या पाहिजेत. आयुष्यात इतकं नेटकं काम मी दुसरं केलेलं नाही, आणि ते सांगताना मला अजून थोडा अभिमान वाटतो, याचीही लाज वाटते.

रंगीत तालमीत गाडी एकाच ठिकाणी अडली. नवी आवृत्ती सगळा मजकूर नव्या पद्धतीच्या अक्षरांत मागत होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिला ओळखू न येणाऱ्या तीन हजार एकशे बारा नोंदी होत्या. त्या सगळ्या धुळ्याच्या. दोन मार्ग होते. जुना फाँट मिळवून नोंदी एकेक बदलून तपासायच्या, त्याला माझ्या हिशेबाने नऊ दिवस. किंवा रकाना सोडून द्यायचा. ट्रस्टच्या वार्षिक कार्यक्रमाची तारीख छापून झाली होती. पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून नवी प्रणाली सुरू व्हायची होती. हातात सहा दिवस होते.

मी सतराव्या पायरीवर लिहिलं: शेरा रकाना, वाचता न येणारी अक्षरे, वगळणे.

बैठक मंगळवारी ठेवली, म्हणजे आबांना वेगळं यावं लागणार नाही. आठ माणसं होती. मी भिंतीवर पायऱ्या दाखवत होतो. सतरावी आली तेव्हा नमुना म्हणून आबांचा एक शेरा मोठा करून दाखवला. टोप्यांची अक्षरं भिंतभर पसरली.

"हे काय आहे?" सचिवांनी विचारलं.

"कचरा," मी म्हटलं.

सगळे हसले. एकजण म्हणाला, "आबा, कीबोर्डवर मांजर बसली होती का?" पुन्हा हसले. मीही हसलो.

आबा उठून उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलत. "कचरा नही शे, भाऊ. त्या मान्सं शेतस."

"आबा, माणसं बाकीच्या रकान्यांत आहेत," मी म्हटलं. "नाव आहे, गट आहे, मोबाईल आहे. आणखी काय लागतं?"

"मोबाईल शे म्हनजे मानूस शे का?"

यावर सगळ्यात मोठा हशा झाला. आबा बसले. मला तेव्हाच माहीत होतं की तो कचरा नाही. दर मंगळवारी ते त्यांच्या शेऱ्यांतल्या गोष्टी जेवताना सांगायचे आणि मी भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकायचो. मला नऊ दिवस नको होते, एवढंच.

योजनेवर सर्वांच्या सह्या घ्यायची माझी पद्धत आहे. आबांनी सही केली नाही. सतराव्या पायरीसमोर समासात, लहान अक्षरात, पेनाने लिहिलं: 'मान्य नाही. या पायरीवर माणसं उभी शेतस. संभाळून उतरा.' विश्वस्तांना प्रती द्यायच्या होत्या. झेरॉक्स काढताना मी त्या पानाची कड दोन बोटं आत दुमडली. समास आला नाही. ते काम करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी कळ दाबली. अठरा हजार सहाशे चाळीस निघाल्या, अठरा हजार सहाशे चाळीस पोचल्या. पुढच्या मंगळवारी आबा आले, चपला काढून आत गेले, एका नोंदीवर थांबले आणि रिकाम्या रकान्याकडे बघत म्हणाले, "घर बांधीसनी दार इसरनात, भाऊ." रागाने नाही म्हणाले. कोणाच्या नव्या घरी जाऊन सांगावं तसं म्हणाले.

अहवालात एक ओळ लिहावी लागली, शेरा का वगळला त्याची. 'धुळे केंद्राकडून चुकीच्या पद्धतीने भरलेली माहिती' असं मी लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं, हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं आहे. मार्चअखेर आबांचा करार वाढला नाही. त्या कागदावर माझ्याच अहवालातलं ते वाक्य उतरवलेलं होतं. सचिव म्हणाले, "आता सगळं ऑनलाईन झालंय, धुळ्याला इतकी माणसं कशाला?" आबांनी टेबल रिकामं केलं तेव्हा मी नव्हतो. माऊस त्यांनी रुमालासकट केंद्रात जमा केला आणि त्याची पावती मागितली, असं नंतर कळलं.

त्यानंतर पावसाळ्यात एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, जामनेरकडची एक बाई बाळंतपणात आमच्या शेजारच्या दवाखान्यात आली. रक्त पुष्कळ गेलं होतं. तपासणीत गट निघाला बॉम्बे. हा गट मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून त्याचं तसं नाव पडलं. दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि त्या माणसाला त्याच गटाचं रक्त चालतं, दुसरं कुठलंही नाही. आमच्याकडे पिशवी नव्हती. नव्या प्रणालीत गट टाकला. एका सेकंदात दोन्ही जिल्ह्यांतली चार नावं आली. मला बरं वाटलं, ते आठवतं.

पहिला सुरतेला गेला होता. दुसऱ्याला नुकतीच कावीळ होऊन गेली होती. तिसऱ्याचा नंबर बंद. चौथा पहूरचा, केळी आणि कपाशी करणारा. फोन बाईने उचलला.

"मी जळगावहून रक्तपेढीतून बोलतोय. तुमच्या मालकांचं रक्त—"

"राँग नंबर!" आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा बंद लागला.

खिडकीपाशी बाळंतिणीची सासू उभी होती. हिरवं लुगडं, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, ती घडी घालून घालून मऊ झालेली. "भेटला का भाऊ कोनी?"

"बघतोय, अक्का."

"डाक्टर म्हने दुपारपर्यंत. तुमच्या त्या मशीनमधी तर समदे आहेत म्हने."

सगळे होते. नाव, वय, गट, मोबाईल, गाव. चार ओळी मोजून चार. मी मागच्या खोलीत गेलो आणि आबांना फोन लावला. करार संपल्यावर मी त्यांना एकदाही फोन केलेला नव्हता. पाच महिने झाले होते.

आबांनी कोण काय विचारलं नाही. मी पहूरचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या घरी फोन केला?"

"हो."

"रगत म्हनलात?"

"रक्तच म्हटलं."

"मंग झालं," आबा म्हणाले. "मोबाईल त्यानी बायकोना शे. तिना भाऊ रगत दिल्यावर आजारी पडना व्हता, तवापासून तिले तो शब्द चालस नही. हाई लिखेल व्हतं मी." मला वाटलं, आता मला चार शब्द सुनावतील. ते नंबर सांगू लागले. "लिखा. पहूरले स्टँडसमोर पाईपांचं दुकान शे, राजस्थानी शेठनं. हाऊ दुकानना फोन. शेठले म्हना, धुळाना आबानं खत वनं. बस, इतकंच."

"खत?"

"घरमा तो तेच सांगीसन निंघस. खत लेवाले जास. लावा फोन, येळ नका घालवू."

मी शेठना फोन लावला. "धुळ्याच्या आबांचं खत आलंय," मी म्हटलं, आणि एक्केचाळीस पायऱ्यांच्या योजनेतलं कुठलंच वाक्य मला इतकं मूर्खपणाचं वाटलं नव्हतं. शेठ म्हणाले, "आज जामनेरच्या बाजारात असेल तो. माणूस पाठवतो. जळगावलाच ना? आबांना जय जिनेंद्र सांगा."

दोन वाजायच्या आत तो मोटारसायकलवरून आला. अंगावर बाजाराचे कपडे, पिशवीत वांगी. तपासणी जुळली. रक्त देऊन झाल्यावर बिस्किटाचा पुडा हातात धरून तो इकडेतिकडे बघू लागला. "आबा कुठं हाय?"

"रजेवर आहेत," मी म्हटलं.

माणूस बाजार सोडून जीव वाचवायला आला होता, आणि मी त्याच्याशीही खोटं बोललो.

बाई वाचली. बाळ तर आधीच ठणठणीत होतं. सासूने पेढ्यांचा पुडा आणला आणि माझ्या हातात देत म्हणाली, "तुमच्या मशीनचं भलं होवो." पंधरा दिवसांनी ट्रस्टने माझा सत्कार केला. 'नव्या प्रणालीमुळे काही क्षणांत दुर्मिळ गटाचा दाता शोधला' असं सचिव बोलले. शाल, श्रीफळ. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. घरून मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. उभा राहिलो, आणि सर्वांचे आभार मानून खाली बसलो. घरी आल्यावर बायकोने शालीची घडी घालता घालता विचारलं, "आबा नव्हते का आले?" तिला काही माहीत नव्हतं. दर मंगळवारी डब्यात आबांसाठी जास्तीची चटणी देणारी ती, म्हणून तिने विचारलं.

ती शाल घेऊन पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी बोलायला सुरुवात केली, "आबा, त्या सतराव्या पायरीचं—"

"जेवनात का?" ते म्हणाले.

जेवताना मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पारोळ्याच्या एका सोयऱ्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा केली तेव्हा म्हणाले, "ठेचा घ्या." माफी मागायची संधी त्यांनी मला दिली नाही, आणि मला अजून कळत नाही की ती दया होती की शिक्षा. शाल मी पिशवीतून काढलीच नाही. निघताना ते आत गेले आणि केळीच्या वेफरच्या रिकाम्या पिशवीत दोन वस्तू घालून आणल्या. एक पेनड्राईव्ह, त्यात तो जुना फाँट. दुसरा तो पुठ्ठा.

"कपाटमा प्रत शे ना तुन्ही? पहिली पायरी."

"आहे."

"मंग बठ्ठं वाचजो," ते म्हणाले. म्हणजे सगळं वाच. वीस वर्षांत ते मला पहिल्यांदा अरे-तुरे बोलले होते. रागाने की मायेने, तेही मी विचारलं नाही.

नऊ दिवसांचं काम मी सात आठवडे केलं. रोज सकाळी कार्यालय उघडायच्या आधी एक तास. फाँट बदलायला यंत्र पुरलं असतं. वाचायला माणूस लागत होता. 'दुपारी फोन उचलत नाही, शेजारच्या टेलरकडे निरोप.' 'बाप वारला तेव्हा कोणी आलं नाही, आधी तेवढं विचारा.' 'उपास असेल तर नाही म्हणणार नाही, म्हणून आपणच विचारायचं.' 'मुलगी बघायला जायचं आहे, महिनाभर हात काळानिळा नको.' 'मोबाईल बायकोचा, तिथे रक्त म्हणू नका. स्टँडसमोरच्या शेठना एकच शब्द सांगा: खत.' ही पहूरची ओळ. अकरा मिनिटांत आबा काय करत होते ते मला वाचून कळलं. त्यांच्या शेजारी बसून ते कधीच विचारता आलं असतं.

दोन हजारांच्या पुढे कुठेतरी माझंच नाव आलं. धुळ्याचं ते शिबिर, पत्र्याचं छत. मी विसरलोच होतो की त्या यादीत मीही आहे. शेरा असा होता:

'सुईला भितात. दाखवत नाहीत. काहीतरी मोजायला द्या. मोजून झालं की बरोबर सांगतात. माणूस खरा शे.'

मी ते बऱ्याच वेळा वाचलं. शेवटचे तीन शब्द काढून टाकावेत असं फार वाटलं. माहिती जुनी झाली होती, आणि चुकीची नोंद दुरुस्त करणं हे माझं कामच आहे. पण दुसऱ्याच्या शेऱ्याला मी एकदा हात लावला होता. ती ओळ होती तशीच नेली.

दुमडलेलं पान उलगडून, समासासकट, मी ते अहवालाला जोडलं आहे. अहवालातली ती एक ओळ बदलून माझ्या नावाने लिहिली आहे आणि सचिवांच्या टेबलावर ठेवली आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. हे सगळं इथे लिहिलं तेही चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठीच.

तीन हजार एकशे बारा. मोजून झालं.